सोळा चित्रं

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि मी चित्ता काढते आहे.

पहिल्या आठवड्यात तो पळाला.
पाठ धनुष्यासारखी ताणलेली, चारी पाय हवेत,
शेपटीचं सुकाणू. माझं मलाच कौतुक वाटलं.
पाठवला सोलकरांना,
शमशुद्दीन सोलकर, गाव दाभोळ,
अकरा वर्षं एका व्हिलाच्या मागच्या अंगणात
चित्त्याचं ताट वाढणारे.
उत्तर आलं रात्री दीडला, आवाजी:
"बाय, झ्याक काढलंस. पण हा कोण?
आमचा पळत नाय."

मग ते सांगत गेले, मी टिपत गेले.
पिल्लू आलं होडीतून, मांजराच्या पिंजऱ्यात.
तीन होती. एक जगलं.
नखं काढलेली. बिनहाडाचं चिकन खाऊन खाऊन
पुढचे पाय कमानीसारखे वाकलेले.
धाकट्या शेठच्या वाढदिवसाला गळ्यात पट्टा,
लँडक्रूझरच्या सीटवर फोटो.
मोठा झाला तसे फोटो थांबले.
आता भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत नऊ पावलं,
वळण,
नऊ पावलं.
फरशीवर वाट पडलीय म्हणाले,
घाण्याच्या बैलाची पडते तशी.

आमच्या धंद्यात याला सायकल म्हणतात:
चाल एकदाच काढायची, मग तीच फिरवत राहायची.
पळणाऱ्याला शंभरावर चित्रं लागली होती.
याला सोळा पुरली.
निर्माता म्हणाला, वा, बजेटात बसला.

मी कोल्हापूरची. आमच्या संस्थानातही चित्ते होते,
डोळ्यांवर टोपी चढवून छकड्यातून शिकारीला नेत.
जुन्या फोटोत चित्तेवान ताठ उभा असतो,
शेजारी तो, आंधळा केलेला, दोरीला.
लहानपणी मी फक्त चित्तेवानाचा फेटा बघत असे.
अंगावर चित्रं म्हणून चित्ता, असं शाळेत बाई सांगत.
ते ठिपके आता मी मोजून काढते.
सोळाही चित्रांत प्रत्येक ठिपका जागेवर हवा,
जरा हलला तर कातडं
उकळत असल्यासारखं दिसतं.

साउंडवाल्या फादीला डरकाळी हवी होती.
मुलं दचकली पाहिजेत, म्हणे.
अरे, चित्ता डरकाळी फोडत नाही.
चिवचिवतो. एवढं मोठं जनावर, चिमणीसारखं.
खोटं वाटेल म्हणाला.
सोलकरांनी फोनवर पकडून पाठवलं:
मागे जनरेटर, मध्येच त्यांचा खोकला,
आणि तो आवाज.
खोकला आम्ही कापला नाही.

गुरुवारी एका शाळेच्या हॉलमध्ये लावली.
नऊ पावलं, वळण.
चौथ्या फेरीला हशा.
सातव्या फेरीला चुळबुळ, बाटल्यांची झाकणं.
अकराव्या फेरीला तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली,
"मिस, पिक्चर अडकलंय."
मिस लॅपटॉपकडे धावल्या.
मी हात आडवा घातला.

अडकलेलंच राहिलं पिक्चर.
मुलगी उभीच होती.
कुणीतरी शेवटच्या रांगेत मोबाईल काढला,
अंगठ्याने काहीतरी पुसलं, परत खिशात टाकला.
फोटो असेल, असं मी मनात धरलंय.
गेमही असेल.

रात्री सोलकरांचा फोन.
सुट्टी मिळाली नव्हती; मिळाली असती तरी
त्याच्यापाशी कोण बसणार.
"किती वेळ चालला गं आमचा, पडद्यावर?"
दोन मिनिटं, मी म्हटलं. दोन मिनिटं दहा सेकंद.
"दोनच?"

मग बराच वेळ
नुसता जनरेटर.